मालक-चालक

नविनभाईंनी पेन उचललं, फॉर्मच्या मधल्या एका चौकोनावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हे तुला नाय मिळणार." आवाज असा, जणू वडापावबरोबरची चटणी संपली म्हणून सांगताहेत. माझ्या हातात त्यांनीच मागवलेला अर्धा चहा होता, तो तसाच राहिला. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली आहे, गाड्यांचे विमे काढून देतात. अकरा वर्षं दर मार्चमध्ये मी तो जिना चढतो, सही करतो, उतरतो. त्या चौकोनाला मालक-चालक म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. गाडीचा मालक स्वतः गाडी चालवत असताना त्याला काही झालं तर त्याच्या घरच्यांना द्यायचं, त्याचा तो चौकोन. अकरा वर्षं त्यात माझं नाव होतं आणि खरं सांगतो, मी तिकडे एकदाही बघितलं नव्हतं. आपलं नाव कागदावर आहे म्हटल्यावर कोण बघत बसतं. रेघ मारल्यावर दिसलं. "गाडीचा विमा झाला," नविनभाई बोटांवर मोजत म्हणाले, "रस्त्यात कोणाला लागलं तर त्याचा झाला. फक्त तुझा नाय. लायसन्स तीन महिने बंद ने, मग तू चालक कसला?" मी म्हटलं, मालक तर मीच आहे. "आहे ने. मालक गाडीच्या पुस्तकात आहे. पण स्टिअरिंगच्या मागे तू आता कोणीच नाय. चालवलीस आणि कोणाला लागलं, तर कंपनी त्याला देणार आणि मग तुझ्या मागे लागणार. वहिनीकडे लायसन्स आहे ने? तिला चालवू दे, तू बाजूला बस. बाजूला बसलास तर तू पण माणसात येतो." मग ते हसले आणि मला चहा प्यायला लावला. चहा निवला होता.

मी काही शांत माणूस नाही, माझी बायको संगीता तर म्हणते की तुम्हाला रागवायला कारणसुद्धा लागत नाही. पण या वेळी कारण होतं. लायसन्स गेलं ते फोनमुळे. फेब्रुवारीत बायजी मावशीला तलासरीकडच्या एका लग्नाला घेऊन चाललो होतो. बायजी माझ्या आईची धाकटी बहीण, आणि धवलेरी. म्हणजे आमच्यात लग्न ती लावते. भिंतीवर चौक, म्हणजे देवाचं पांढरं चित्र, लिहिला जातो, त्याच्यापुढे बसून ती गाते, देवांना बोलावते, तेव्हा लग्न लागतं. भटाचं जे काम तेच, फक्त गाण्यातून, आणि बाईनं करायचं. तर माझ्या मुलीने, दक्षाने, तिला आदल्या आठवड्यात एक फोन दिला होता आणि माझा नंबर एकच्या बटणावर टाकून ठेवला होता. नाक्याजवळ आलो तसा माझा फोन वाजला. मी उचलला, हॅलो हॅलो केलं, पलीकडून कोणी बोलेना, नुसता गाडीचा आवाज, म्हणून जरा जोरात हॅलो केलं, आणि तेवढ्यात काचेवर काठी वाजली. साहेबांनी लायसन्स मागितलं. फोन अजून चालूच होता, आणि मागच्या सीटवरून, पदराखाली फोन धरून बायजी समाधानाने म्हणाली, "लागतंय. दक्षा म्हणं तं लागतंय." साहेब पण हसले. हसले आणि लायसन्स घेऊन गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण संन्यासी तरी कसं म्हणू, फोन माझ्याच कानाला होता. पुढे नोटीस आली, जाऊन उभा राहिलो, आणि तीन महिने म्हणून सांगितलं. बायजीला मी काही बोललो नाही. म्हातारी आहे, आणि तिला काही बोललं तर ती ते पुढच्या लग्नात गाऊन दाखवेल.

मी फुग्याच्या कारखान्यात कामाला आहे. साच्यांची फळी रबराच्या चिकात बुडवायची, वर काढायची, निथळू द्यायची. दिवसाला किती फुगे होतात ते आता मोजत नाही. अंगाला चिकाचा वास असतो, घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी नखांत राहतो. त्या वासातून मी सुटायचो ते गाडीत. जुनी पांढरी व्हॅन, दुसऱ्याच्या हातची घेतलेली, आरशाला दसऱ्याची सुकलेली आंब्याची पानं. तिच्यात बसलो की मी फुगेवाला नसायचो. रेघ मारल्यापासून साचे बुडवताना माझ्या डोक्यात तो चौकोन येत राहिला. गाडीचं होईल, रस्त्यावरच्या माणसाचं होईल, गाडीपुढे आलेल्या म्हशीचं पण काहीतरी होत असेल, माझं नाही. कोणी मेलं नव्हतं, कोणाचं काही तुटलं नव्हतं, तरी ताटातला भात अर्धाच राहायचा. संगीताने एकदा विचारलं, काय झालं. म्हटलं, ऊन. खरं तर मला बाबा आठवत होते. माझा बाप बाबल्या, गंजाडला बैलगाडी हाकायचा, दुसऱ्याची. शेठच्या वाडीवर गवत टाकायला गेला की गाडी सोडून बैलांपाशी बाहेर बसायचा. आत लग्न असो, पूजा असो, आतून कोणी पानाचा द्रोण आणून दिला तर तो तिथेच उभ्याने खायचा. मी लहान होतो, त्याच्या मांडीपाशी बसायचो आणि विचारायचो, आपण आत का नाही जात? तो म्हणायचा, "बैल कोण राखंल?" बैल झाडाला बांधलेले असायचे. कुठेही जाणार नव्हते.

मी व्हॅन घेतली त्यानंतर बाबा दोन वर्षं होता. एकदाच बसला, महालक्ष्मीच्या यात्रेला. पुढे बस म्हटलं तर मागे जायला लागला, हाताला धरून पुढे बसवला. सगळ्या वाटेवर एकच शब्द बोलला, "हळू." आणि मी हळू चालवली नाही. आता वाटतं चालवायला हवी होती. मला त्याला दाखवायचं होतं की बघ, तुझा मुलगा हाकतो ती स्वतःची आहे.

संगीताचं लायसन्स चार वर्षं जुनं. बचतगटाच्या बायकांसाठी डहाणूत शिकवणी निघाली होती, सहा जणी गेल्या, पास झाली ती एकटी. कार्ड आलं तेव्हा तिने ते देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली मागितली. मी म्हटलं, क्लच नाजूक आहे. परत महिन्याने मागितली, म्हटलं, पावसाळ्यानंतर बघू. मग तिने मागायचं सोडलं. क्लचला काहीही झालेलं नव्हतं. मला भीती होती की ती माझ्यापेक्षा बरी चालवेल, आणि मग माझ्याकडे काय उरेल? हे मी इथे सांगतो, तिला अजून सांगितलेलं नाही. तिला माहीत असणार. वीस वर्षं एका ताटलीत जेवलेल्या बाईला काय माहीत नसतं.

एका रविवारी सकाळी ती नळावर गेली होती तेव्हा मी किल्ली घेतली आणि गाडीत बसलो. म्हटलं, धुवायला उन्हात घेतो, दहा फूट. दार ओढलं, सीटला माझ्या पाठीचा खळगा पडलेला आहे त्यात बरोबर बसलो. चालू केली. अंगणातल्या अंगणात, शेवग्यापासून तुळशीपर्यंत. तेवढ्यात शेजारच्यांची कोंबडी पिल्लं घेऊन पुढून गेली, आणि माझा पाय ब्रेकवर असा बसला की इंजिन गचकन बंद पडलं. अकरा वर्षांत मला गाडीत भीती वाटली नव्हती, आणि आता कोंबडीची वाटली. आपल्याच अंगणात चोरासारखा बसलो होतो मी. वर बघितलं तर संगीता हंडा घेऊन उभी. हंडा ठेवला, पिल्लं हाकलली, आणि माझ्या बाजूचं दार उघडून हात पुढे केला. मी किल्ली दिली. तिने गाडी मागे शेवग्याखाली नेऊन लावली, एका दमात, आरशात बघून. मग घरात जाऊन भात टाकला. मी तुळशीपाशी उभा होतो, आणि गंमत म्हणजे मला जरा बरं वाटत होतं.

पण अंगण वेगळं आणि तलासरी वेगळी. एप्रिलच्या मध्यावर बायजीला पुढचं लग्न होतं, तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या पाड्यावर. तिला बसमध्ये चढवत नाही आता, गुडघे गेलेत, आणि रिक्षात बसून ती उलट्या करते. ती गेली नाही तर लग्न लागत नाही. दोन दिवस आधीच येऊन आमच्याकडे राहिली. रात्रभर माझ्या मनात तेच, की जाऊ दे, मीच चालवतो, एका दिवसाने काय होतंय. आणि लगेच, झालं तर? रस्त्यात कोणाला लागलं तर? गाडीत संगीता, गाडीत बायजी, आणि मी चौकोनाबाहेरचा. काही झालं तर घर विकूनही पुरणार नव्हतं, आणि मी मेलो तर संगीताच्या हातात तो रेघ मारलेला कागद राहणार होता. सकाळी किल्ली माझ्या खिशात होती. संगीता नवी साडी नेसून पायरीवर उभी, बायजीला हाताला धरून मागे बसवलं, तांदळाची पिशवी तिच्या मांडीवर दिली. मी चालकाच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. बायजी काचेतून म्हणाली, "अमृत, बस ना रं. कोणीतरी बसा. देव खोळंबंल." मी किल्ली संगीताच्या हातात दिली, गाडीला वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडलं. माझ्याच गाडीच्या त्या सीटवर मी तोवर कधीही बसलो नव्हतो. पट्टा कुठून ओढायचा ते सापडेना, तो संगीताने लावून दिला.

आशागडपर्यंत माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. संगीता चाळीसच्या वर जात नव्हती. मागून येणारा प्रत्येक टेंपो हॉर्न मारत होता, आणि मी त्या प्रत्येकाला मनात आईबहिणीवरून ऐकवत होतो. चारोटी नाक्यावर चढावात गाडी बंद पडली. मी म्हटलं, "क्लच. क्लच सोड हळू." ती म्हणाली, "मला माहीत आहे." मागे हॉर्न, डोक्यावर ऊन, घाम तिच्या कानामागून खाली येत होता. दुसऱ्यांदा बंद पडली. मग बायजीने मागून एक गाणं सुरू केलं, नवरी रुसून बसलेली असते तेव्हाचं, आणि संगीताला हसू आलं, आणि हसता हसता गाडी निघाली. पुढे हायवेला लागल्यावर माझा पाय दमला आणि थांबला. तेव्हा आठवलं की मागे गंजाडला मी काय बघितलं होतं. डाव्या हाताला ती चिंच, जिला बाबा बैल बांधायचा. बुंध्याला दाव्याने घासलेला खड्डा अजून आहे. अकरा वर्षं मी तिच्यावरून जात होतो, नजर समोर, आणि मला वाटत होतं ती कधीच तोडली. आता डावीकडचं सगळंच दिसायला लागलं. मोहाखाली टोपली घेऊन वाकलेल्या बाया, ताडावर अर्ध्यात थांबून विडी ओढणारा माणूस, हायवेच्या कडेला कलिंगडांचा ढीग आणि त्याच्यावर झोपलेलं कुत्रं. मला एकदम इतकं छान वाटलं की लाज वाटली. लायसन्स गेलेल्या माणसाला असं वाटू नये. मी संगीताकडे बघितलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, ओठ मुडपलेले, आणि कपाळावरची टिकली घामाने सरकलेली. "टिकली सरकली," मी म्हटलं. "असू दे," ती म्हणाली, "समोर बघू दे."

पाड्यावर पोचलो तेव्हा मांडवात चौक लिहून झाला होता. शेणाने सारवलेल्या भिंतीवर पांढरा, ओलाच होता अजून. मी सवयीने गाडीपाशी थांबलो. माझं ठरलेलं असायचं. बायजीला उतरवायचं, गाडी वळवून तोंड रस्त्याकडे करायचं, आणि सावली बघून तिथेच बसायचं. पोरं काचेवर रेघोट्या मारतात, दुसऱ्या गाड्या पुढे येऊन आडव्या लागतात, कोणीतरी राखायला हवं. जेवण कोणीतरी आणून द्यायचं. अकरा वर्षांत किती लग्नं झाली, आणि मी एकही लागताना बघितलं नव्हतं, नुसता लांबून आवाज. पण या वेळी किल्ली माझ्याकडे नव्हती. संगीता म्हणाली, "तुम्ही मावशीला घेऊन जा, मी वळवून लावते." बायजी माझ्या खांद्यावर रेलली आणि मी तिच्याबरोबर आत गेलो. तिने मला आपल्यासमोरच बसवलं, चौकापासून दोन हातांवर.

शेजारी एक जाडजूड बाई बसली होती, नवरदेवाची आत्या, जानी नाव. तिने विचारलं, तू कोण? म्हटलं, बायजीचा भाचा, अमृत, सरावलीचा. ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. मग पलीकडच्या बाईला कोपराने ढोसून म्हणाली, "अगं, हा बघ अमृत." आणि मला म्हणाली, "तूच का तो? वाटंवरचा अमृत? आमाला वाटायचं देवातला कोणी असंल." मला काही समजेना. तिने सांगितलं. बायजी गाते तेव्हा शेवटी सगळ्यांना हाका मारते. देवांना, मेलेल्यांना, नदीला, डोंगराला, मडकी देणाऱ्याला, ताडी उतरवणाऱ्याला. आणि अगदी शेवटी म्हणते, वाटंवरच्या अमृता, ये रं मांडवात. जानीच्या भावाच्या लग्नात म्हणाली होती, पोरीच्या लग्नात म्हणाली होती, तलासरीच्या सगळ्या पाड्यांवर म्हणते. "आमच्याकडच्या पोरी आता गाडीत बसताना पण तुझं नाव घेतात," जानी म्हणाली, "वाट चांगली जाते." दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसलो नाही. अकरा वर्षं बायजी मला आत बोलावत होती आणि मी बाहेर गाडीत रेडिओ लावून बसलो होतो.

बायजीने सुरुवात केली. आवाज म्हातारा, चिरका, पण एकदा निघाला की थांबत नाही. एक हात मांडीवर, दुसरा तांदळाच्या सुपात. तिने देव बोलावले, पितर बोलावले. बाबल्या म्हणून माझ्या बापालाही बोलावलं, बैलांसकट. कुंभार झाला, ताडीवाला झाला. मी लहान पोरासारखा वाट बघत होतो. कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी समोर बसून माझं नाव ऐकणार होतो. आणि ती म्हणाली, "वाटंवरच्या संगीते, ये गं मांडवात." दोनदा म्हणाली, आणि थांबली, आणि पाणी मागितलं. माझं नाव आलंच नाही. दुखलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच दुखलं. म्हटलं, झालं, इथेही रेघ. गाडी हाकत होतो तोवर होतो, आता कागदावर नाही आणि गाण्यातही नाही. पाण्याचा तांब्या मीच नेऊन दिला. ती पीत असताना मी तिच्या कानाशी म्हटलं, "मावशी, मला विसरलीस." तिने तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं, आणि मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "तू तं समोर बसलायस," ती म्हणाली. "बसलेल्याला कोण बोलवतं? जो बाहेर राहिला त्याला बोलवायचं."

मी उठलो. बाया म्हणाल्या, आता कुठे, आता तर खरं लागणार. म्हटलं, आलोच. मांडवाबाहेर ऊन एवढं की डोळे मिटले. व्हॅन करंजाखाली उभी होती, तोंड रस्त्याकडे, काचा अर्ध्या खाली, अगदी मी लावायचो तशी. संगीता स्टिअरिंगच्या मागे बसली होती, चप्पल काढून पाय वर घेतलेले, पदराने वारा घेत. तीन पोरं काचेला नाक लावून उभी होती आणि ती त्यांना हात लावू देत नव्हती. मला बघून ती दचकली, तिला वाटलं काही झालं. मी दार उघडलं. "चल आत," मी म्हटलं. "तुझं नाव घेतलं. दोनदा घेतलं."

"माझं?" ती म्हणाली. मग आरशात बघून टिकली सरळ केली, एक पाय चपलेत घातला आणि थांबली. पोरांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "आणि गाडी कोण राखणार?"

"राहू दे," मी म्हटलं. "तिचा विमा आहे."